वाऱ्याच्या वाटेतलं घर

श्रीरंगने शहराच्या कडेला, सातारा परिसरात घर बांधलं तेव्हा भोवती माळरानाशिवाय काही नव्हतं. पश्चिमेकडून वारा निघाला की आडकाठी न येता थेट या घरावर यायचा, आणि श्रीरंगला तेच हवं होतं. घरावर त्याने वाऱ्यासाठी एक उंच मनोरा उभा केला होता. मनोऱ्याच्या तोंडाशी वाळ्याच्या ताट्या, त्यांवर बारीक नळीतून ठिबकणारं पाणी. त्या ओल्या ताट्यांतून वारा गार होऊन खालच्या मोठ्या खोलीत उतरायचा आणि तिथून घरभर फिरायचा. भिंती दुहेरी, मध्ये पोकळी सोडून रचलेल्या. छतावर उपडी मडकी मांडून त्यांवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर. घरात एसी नव्हता, कूलर नव्हता, आणि तरी मे महिन्यात दुपारी पायावर पातळ चादर ओढून घ्यावी लागायची.

पद्मजाला, त्याच्या बायकोला, आधी हे सगळं खूळ वाटलं होतं. पहिल्या उन्हाळ्यात मात्र तिने तोंडात बोट घातलं. पुढे तीच आल्यागेल्याला हाताला धरून भिंतीला हात लावायला सांगू लागली. रविवारी माणसं घर बघायला यायची. आर्किटेक्चरची मुलं, पुण्या-नाशिकचे इंजिनिअर, कधी वर्तमानपत्रवाले. श्रीरंग त्यांना आधी उन्हात उभं करून बोलायचा, मग एकदम दार उघडून आत घ्यायचा. आत पाऊल टाकताच त्यांच्या तोंडून जे ‘अरे वा!’ निघायचं, त्यावर तो आठवडाभर जगायचा.

एकच माणूस त्या घराला चांगलं म्हणत नव्हता, तो म्हणजे श्रीरंगचे वडील. तात्यासाहेब कोर्टात शिरस्तेदार, म्हणजे कारकुनांचे वरिष्ठ होते. निवृत्त होऊन जमाना लोटला तरी आवाज तोच होता, समोरच्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणारा. ते शहरातच, औरंगपुऱ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये एकटे राहत. वास्तुशांतीला आले, मनोऱ्याकडे बघितलं आणि चार लोकांत म्हणाले, “मडकी डोक्यावर घेऊन कुंभारसुद्धा राहत नाही. आमचे चिरंजीव राहणार.” लोक हसले. श्रीरंगही हसला, पण त्याच्या मानेवरची शीर उडताना पद्मजाने पाहिली. त्याच्या लहानपणी घरी पाहुणे आले की तात्या त्याला बोलावून त्याचे गणिताचे कमी मार्क त्याच्याच तोंडून वदवून घ्यायचे. हे त्याने लग्नानंतर एकदाच तिला सांगितलं होतं, आणि सांगताना त्याचा आवाज दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता.

मग पाऊस गेला. एक साल, दुसरं साल. जायकवाडीचा तळ दिसायला लागला, लातूरला रेल्वेने पाणी न्यायची वेळ आली. साताऱ्यात नळ नव्हताच. बोअर होते तेही गुरगुरून बंद पडले. टँकरवाल्याचा फोन लागला तर नशीब. त्या दुसऱ्या सालच्या फेब्रुवारीत तात्या न्हाणीत घसरून पडले, मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण जिना चढणं संपलं. त्यांना साताऱ्याच्या घरी आणावं लागलं. आणि श्रीरंगने त्यांचा पलंग त्या मोठ्या खोलीतच, मनोऱ्याच्या बरोबर खाली लावला.

“घरातली सगळ्यात थंड जागा आहे ती,” तो म्हणाला.

होती, पण पूर्वी. आता घराच्या पश्चिमेला खाली ऑफिसं, वर घरं अशी आठ मजली इमारत उभी होती. बाहेर मोठा हिरवा फलक होता, पर्यावरणपूरक इमारत म्हणून तिला वरच्या दर्जाचं प्रमाणपत्र मिळालं होतं. छतावर सौरपट्ट्या, दर्शनी बाजूला वेली सोडलेल्या. ती हिमांशूने उभारली होती. हिमांशू कॉलेजात श्रीरंगच्या हाताखाली आर्किटेक्चर शिकून मोठा झालेला, एके काळी याच घरात जेवायला असलेला. त्या इमारतीची दर्शनी बाजू रस्त्याकडे होती आणि पाठ या घराकडे. पाठीवर खालपासून वरपर्यंत एसीचे पत्र्याचे डबे टांगलेले. दुपारी ते सगळे एकदम घुमायला लागायचे आणि त्यांची गरम हवा सरळ श्रीरंगच्या मनोऱ्यात शिरायची. ताट्या कोरड्या होत्या. पाणी होतं कुठे ठिबकायला? मनोरा आपलं काम इमानाने करत राहिला. जी हवा मिळेल ती खाली तात्यांच्या अंगावर सोडत राहिला.

तात्यांनी पहिले काही दिवस हे अगदी चवीने घेतलं.

“पद्मजा, तुझ्या नवऱ्याला सांग, भाकरी टाकून बघ म्हणावं इथं. तवा नको.”

श्रीरंग वर्तमानपत्रातून मान वर न करता म्हणायचा, “वयामुळे तुम्हाला तसं वाटतं, तात्या.”

“एसी बसव.”

“या घरात एसी येणार नाही.”

“मग कूलर आण.”

“कूलरसुद्धा नाही. हे घर कशासाठी बांधलंय?”

“मला मारण्यासाठी,” तात्या म्हणाले आणि खो खो हसले. तेव्हा त्यांच्यात हसण्याइतकं बळ होतं.

एप्रिल लागला तसं हसणं थांबलं. तात्यांची दुपार नुसती तळमळण्यात जायची. पद्मजाने एके दिवशी स्टुलावर चढून मनोऱ्याच्या खालच्या तोंडात जाड गोधडी कोंबली. खोलीत अंधारून आलं, हवा कोंदली, पण ती भट्टीची फुंकर तरी थांबली. श्रीरंगने संध्याकाळी आल्याबरोबर गोधडी ओढून काढली.

“घराचं नाक दाबतेस?” तो म्हणाला. “उद्या कोणी आलं आणि हे बघितलं तर?”

त्याने दिवाणखान्यातलं तापमान दाखवणारं यंत्रही भिंतीवरून उतरवून पाण्याच्या माठाशेजारी, गारव्याला नेऊन लावलं होतं. पद्मजाने ते पाहिलं, आणि तिने पाहिलं हे त्यानेही पाहिलं.

दुसऱ्या दिवशी ती गुलमंडीजवळच्या एका दुकानात गेली आणि कूलर घेऊन आली. टेम्पो दारात लागला तेव्हा श्रीरंग नेमका घरी. त्याने फाटक उघडलंच नाही. गजांच्या आतूनच टेम्पोवाल्याला म्हणाला, “पत्ता चुकलाय.”

“मॅडम तो खुद बैठे हैं आगे,” टेम्पोवाला गोंधळून म्हणाला.

“मॅडमचाही चुकलाय.”

रस्त्यावर चार माणसं थांबली. पद्मजा खाली उतरली. टेम्पो कूलर घेऊन परत गेला. त्या दिवशी तिला नवऱ्याचा राग आला त्याहून भीती जास्त वाटली. वडिलांचं बोलणं आणि मुलाचं बोलणं तिला पहिल्यांदाच एका आवाजात ऐकू आलं होतं.

मग ती हिमांशूकडे गेली. त्याचं ऑफिस त्याच इमारतीत, तळमजल्यावर. आत शिरताच अंगावर काटा आला इतकं गार. हिमांशू उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाणी मागवलं. ती तो पेला एका दमात प्यायली आणि मग लाजली.

“हिमांशू, ते एसीचे डबे दुसऱ्या बाजूला नाही का घेता येणार? तात्या आजारी आहेत रे. सगळी झळ आमच्या घरात येते.”

“काकू, मला कळतं ना,” तो म्हणाला. “पण बघा, आपल्याकडे वारा पश्चिमेचा. गरम हवा वाऱ्याच्या तोंडाला सोडली तर ती परत आपल्याच घरात येते. म्हणून ती नेहमी वाऱ्याच्या पाठीला सोडायची. हे मला सरांनीच शिकवलंय. पहिल्या वर्षाला.”

“पण पाठीला आमचं घर आहे.”

“हो, तिथं सरांचं घर आहे.” त्याने तिचा रिकामा पेला बाजूला सरकवला. “मी नकाशा घेऊन आलो होतो तेव्हा. काम सुरू व्हायच्या आधी. म्हटलं सर, एकदा नजर टाका, तुम्हाला त्रास होणार असेल तर बदलतो. सरांनी गुंडाळी उघडलीसुद्धा नाही. तुम्ही होता की काकू, चहा घेऊन आला होता. सर म्हणाले, ‘असल्या काचेच्या खोक्यांना मी हात लावत नाही. हात धुवावे लागतात.’ माझ्याबरोबर माझे दोन भागीदार होते.”

तिला आठवलं. त्या दिवशी तीही ओठ दाबून हसली होती.

“त्यांनी येऊन सांगू देत,” हिमांशू गोड आवाजात म्हणाला. “सर स्वतः आले तर मी उद्या डबे हलवतो. कुठल्याही दिवशी, कधीही.”

ती घरी आली आणि श्रीरंगला सांगायचं धाडस तिला झालं नाही. शेवटी बोलली तेव्हा तो एवढंच म्हणाला, “तू त्याच्या दारात गेलीस?” आणि त्यानंतर दोन दिवस तो तिच्या हातचं जेवला नाही.

तात्यांचं करायला सारजाबाई यायची. लासूर स्टेशनच्या पलीकडच्या गावची, पाणी आटलं म्हणून त्या साली लेकाबरोबर शहरात आलेली. तीही एका दुपारी पदराने तोंड पुसत म्हणाली, “वहिनी, मी उद्यापास्नं येत नाय. त्या शेजारच्या बिल्डिंगीत काम गावलंय. तिथं लई गार हाय. तात्यांचं वाईट वाटतंय, पर मलाबी जीव हाय की.” पद्मजाने तिला थांब म्हटलं नाही. काय म्हणून थांब म्हणायचं?

आता तात्यांना उचलणं, पुसणं, कूस बदलणं सगळं तिच्यावर आलं. त्या दिवसांत म्हातारा तिच्याशी वेगळं बोलू लागला. एकदा ती ओल्या फडक्याने पाठ पुसत असताना म्हणाले, “पोराला मी फार टोचलं. टोचून टोचून काहीतरी होईल असं वाटायचं. झालं ते हे.” आणि त्यांनी वर मनोऱ्याकडे बोट दाखवलं. तिला वाटलं, हे त्यांनी श्रीरंगला सांगितलं तर? पण तिने सुचवताच त्यांनी तोंड फिरवलं.

महिनाअखेरीला बातमी आली की हैदराबादहून काही मोठी मंडळी घर बघायला येणार. दुष्काळी भागातली वीज न खाणारी घरं असा त्यांचा विषय होता. श्रीरंगच्या अंगात वारं संचारलं. रात्रंदिवस फोन. पद्मजाने तीच वेळ साधली.

“तात्यांसाठी कूलर आणा. ही मंडळी येऊन गेली की आणा, मी आड येत नाही.”

श्रीरंगने हातातला फोन खाली ठेवला. “आणतो,” तो म्हणाला. “एका अटीवर. लोकांसमोर त्यांनी म्हणायचं, घर चांगलं आहे. थंड आहे. एवढंच. आयुष्यात एकदा.”

“आणि मग कूलर?”

“म्हटलं ना.”

तात्यांना हे सांगताना तिने त्यांचा हात हातात घेतला होता. हात तापलेल्या विटेसारखा लागत होता. म्हाताऱ्याने तो हळूच सोडवून घेतला.

“कोर्टात खोट्या साक्षी कितीतरी पाहिल्या,” ते म्हणाले. “देणाऱ्याची कीव यायची नाही कधी मला.”

“तात्या, माझ्यासाठी म्हणा.”

“तुझ्यासाठी नाही. मला गार वारा पाहिजे,” ते म्हणाले आणि रडायला लागले. तात्यासाहेबांना रडताना तिने कधी पाहिलं नव्हतं. तिने त्यांचे डोळे पुसले, आणि आपण बरोबर केलं असं तिला वाटलं.

रविवारी सकाळीच टँकर आला. सबंध आठवड्यात आलेला तो एकच. पद्मजाने बादल्या भरून घ्यायला सुरुवात केली तर श्रीरंगने तिला थांबवलं आणि पंप लावून पाणी मनोऱ्याकडे वळवलं. ताट्या चिंब झाल्या, वाळ्याचा वास घरभर पसरला. रविवार असल्याने शेजारच्या ऑफिसांचे डबेही बंद होते. कितीतरी दिवसांनी वरून खरोखरीची गार झुळूक उतरली. तात्यांनी डोळे मिटून तोंड उघडं टाकलं, चोचीत दाणा घेणाऱ्या पिल्लासारखं.

मंडळी आली. उन्हात उभी राहिली, मग आत आली आणि ‘अरे वा!’ म्हणाली. श्रीरंग बोलत बोलत त्यांना मोठ्या खोलीत घेऊन आला. “हे माझे वडील. या घराचे सगळ्यात कडक टीकाकार,” तो हसत म्हणाला. “तात्या, यांना सांगा. कसं आहे घर?”

पद्मजा पडद्याशी उभी होती. तात्यांनी डोळे उघडले. एकेका चेहऱ्यावरून नजर फिरवत ते शेवटी मुलापाशी थांबले.

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “थंड आहे.”

“मोठ्याने, तात्या. मागच्यांना ऐकू आलं नाही.”

म्हाताऱ्याने कोपर टेकून उठायचा प्रयत्न केला. “घर थंड आहे,” ते कोर्टातल्या आवाजात ओरडले. “माझ्या मुलाने बांधलंय. मी चुकलो होतो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. एका बाईने तर डोळे टिपले. श्रीरंगने वाकून वडिलांच्या पायांना हात लावला. वाकलेला असताना त्याचा चेहरा फक्त पद्मजाला दिसत होता. त्यावर आनंद नव्हता. वसूल झाल्याचं समाधान होतं, आणि अजून थोडं वसूल करायची भूक.

दुपारपर्यंत टाकीतलं पाणी संपलं. ताट्या वाळल्या. सोमवारी शेजारचे सगळे डबे घुमायला लागले आणि टँकर काही आला नाही. तात्या काही खाईनात. पद्मजा श्रीरंगच्या खोलीत गेली. तो पाहुण्यांना वेरूळ दाखवायला निघाला होता, आरशासमोर भांग पाडत होता.

“कूलर कधी आणताय?”

“कशाला?” तो म्हणाला.

“तुम्ही कबूल केलं होतं.”

“ऐकलंस ना काल? घर थंड आहे म्हणाले. तुझ्यादेखत म्हणाले. थंड घरात कूलर कशाला लागतो?”

तिला वाटलं तो थट्टा करतोय. तो कंगवा ठेवून निघूनही गेला, तरी काही क्षण तिला तसंच वाटत राहिलं.

दुपारी तात्या बरळायला लागले. त्यांची कातडी कोरडी होती, घामाचा टिपूसही नाही, आणि अंगाला हात लाववत नव्हता. ती गोधडी कोंबायला स्टुलावर चढली, पण घाईत गोधडी पुन्हा पुन्हा खाली पडली. माठात होतं तेवढं पाणी तिने त्यांच्या डोक्यावर ओतलं. मग फाटकातून धावत ती शेजारच्या इमारतीत बादली घेऊन गेली. पहारेकरी म्हणाला, बाहेरच्यांना पाणी द्यायचं नाही, सोसायटीचा ठराव आहे. ती हात जोडून उभी राहिली. वरच्या गॅलरीत सारजाबाई कपडे वाळत घालत होती. तिने खाली पाहिलं, ओळखलं, आणि ती आत निघून गेली.

रुग्णवाहिका आली तेव्हा तात्यांनी तिला ओळखलं नाही. “मार्क सांग,” ते म्हणत होते. “पाहुण्यांना मार्क सांग.” दवाखान्यात पोचायच्या आधीच ते गेले. डॉक्टर म्हणाले, उष्माघात.

“वय झालं होतं,” संध्याकाळी येऊन श्रीरंग सगळ्यांना सांगू लागला. तो रडलाही. खरंच रडला. पद्मजाला ते रडणं बघवलं नाही, कारण त्यात खोटं काहीच नव्हतं.

सुतकाचे दिवस संपायच्या आत हिमांशू भेटायला आला. पांढरे कपडे, हात जोडलेले. बसलेल्या लोकांत श्रीरंग सांगत होता, “शेवटी त्यांनी मान्य केलं. सगळ्यांसमोर. त्याच समाधानात गेले.” हिमांशू मान हलवत होता. मग म्हणाला, “सर, ते डबे मी हलवून घेतो. काकू आल्या होत्या तेव्हाच करायला हवं होतं.” श्रीरंगने त्याचा हात धरला. दोघांचे डोळे भरून आले. गुरू-शिष्य इतक्या वर्षांनी एक झाले म्हणून जमलेल्यांनाही गहिवरलं.

“त्यांनी मान्य केलं,” पद्मजा म्हणाली, “कारण मी त्यांना सांगितलं होतं, तुम्ही कूलर आणाल म्हणून.”

ती मोठ्याने बोलली होती. मागच्यांनाही ऐकू गेलं. काही माना तिच्याकडे वळल्या. मग श्रीरंग तिच्या खांद्यावर हात ठेवून लोकांना हळू आवाजात म्हणाला, “हिला फार धक्का बसलाय. शेवटची सेवा हिनेच केली ना.” बायकांनी तिला उठवून आतल्या खोलीत नेलं, पाठीवरून हात फिरवला आणि दूध प्यायला लावलं.

तेराव्यानंतर ती तात्यांच्या औरंगपुऱ्यातल्या फ्लॅटवर राहायला गेली. श्रीरंगने अडवलं नाही. हिमांशूने शब्द पाळला, डबे दुसऱ्या बाजूला नेले. जूनमध्ये बरा पाऊस झाला, बोअरला पाणी आलं, आणि साताऱ्याचं घर पुन्हा पूर्वीसारखं गार पडू लागलं. मोठ्या खोलीत आता तात्यांचा हार घातलेला फोटो आहे आणि येणाऱ्यांना त्यांचे शेवटचे शब्द सांगितले जातात, असं तिच्या कानावर आलं.

एका शनिवारी श्रीरंगचा फोन आला.

“उद्या दिल्लीची माणसं येतायत. तू दिसली नाहीस तर विचारतील. काय सांगू?”

“सांगा, उकाड्याने गेली,” पद्मजा म्हणाली.

तो अगदी शांतपणे म्हणाला, “असं कसं सांगता येईल? घर थंड आहे,” आणि त्याने फोन ठेवला.